गेल्या वर्षी 41 गोल, यंदा हाफ-बॅक: मुलाचं फॉरवर्ड म्हणून करिअर संपलं का?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा 13 वर्षांचा, मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लबच्या अंडर-14 संघात आहे. गेल्या मोसमात फुल फॉरवर्ड खेळून त्याने 41 गोल केले, क्लबने ट्रॉफी दिली. यंदा नवा कोच आला आणि त्याने मुलाला थेट हाफ-बॅकला नेऊन ठेवलं. पाच सामने झाले, एकही गोल नाही. मुलगा घरी येऊन चिखलाचे बूट न काढताच खोलीत जातो. तुम्ही विचारलंय की फॉरवर्ड म्हणून त्याचं करिअर सुरू व्हायच्या आधीच संपलं का, आणि क्लब बदलावा का.

आधी माझी ओळख, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी नाशिकचा, लहानपणी कबड्डी खेळलेला. फूटीचा चेंडू पहिल्यांदा हातात घेतला तो पस्तिशी ओलांडल्यावर, मुलीच्या ऑसकिकला (लहान मुलांच्या फूटी वर्गाला) मदतीला एकही पालक पुढे येईना म्हणून. त्यानंतर चौदा मोसम ज्युनियर संघांना शिकवतोय, बहुतेक वेळ फॉरवर्ड लाइनलाच. एएफएलशी, म्हणजे फूटीच्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगशी, माझा संबंध तिकीट काढून सामना बघण्यापुरता. त्यामुळे मोठ्या खेळाडूंबद्दल जे लिहीन ते सगळ्यांसमोर घडलेलं आहे, मुलांबद्दलचं मात्र माझ्या मैदानावरचं.

इथे वाचणाऱ्या ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मैदान अंडाकृती, एका बाजूला 18 खेळाडू, ऑफसाइड नावाचा प्रकार नाही. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली की गोल, 6 गुण. बाजूच्या फटीतून गेली तर बिहाइंड, 1 गुण. किमान 15 मीटर आलेली किक हवेतच झेलली की मार्क, आणि मग झेलणाऱ्याला कोणी हात न लावता किक मारता येते. फुल फॉरवर्ड गोलच्या तोंडाशी उभा असतो. हाफ-बॅक मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे, समोरच्यांचे गोल अडवायला.

ताई, तुम्ही प्रश्न जागेचा विचारलाय, पण टोचतोय तो आकडा. 41 वरून शून्य. म्हणून आधी त्या 41 बद्दल बोलू.

अंडर-13, अंडर-14 मध्ये भरपूर गोल करणारा मुलगा बहुतेक वेळा दोन कारणांनी करतो. एक, तो इतरांपेक्षा लवकर वाढलेला असतो. दोन, त्याच्या संघाची मधली फळी चांगली असते आणि चेंडू त्याच्याकडे येत राहतो. दुसऱ्यांनी रांधायचं, याने जेवायचं. आमच्या बायकोच्या भाषेत, आयत्या बिळावर नागोबा. तुमचा मुलगा तसाच आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला पाहिलेलं नाही. कदाचित त्याला चेंडूची खरीच जाण असेल. पण नुसत्या आकड्यावरून हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. कोचलाही येत नाहीत, म्हणून तो मुलाला हलवून बघतो.

माझा एक अनुभव सांगतो, फारसा अभिमानाचा नाही. माझ्या अंडर-13 संघात एक मुलगा होता. बाराव्या वर्षी पाच फूट आठ इंच, आवाज फुटलेला, ओठावर लव. त्याला मी गोल स्क्वेअरमध्ये, म्हणजे गोलच्या अगदी पुढच्या चौकोनात, उभा केला आणि बाकीच्यांना सांगितलं, चेंडू मिळाला की याच्या डोक्यावर टाका. तो हात वर करायचा आणि झेलायचा, खालची पोरं त्याच्या बरगड्यांशी झोंबत राहायची. त्या मोसमात त्याने साठाच्या वर गोल केले. आम्ही जिंकत होतो, पालक खूश होते, म्हणून पुढची दोन वर्षंही मी त्याला तिथेच ठेवला. त्या तीन मोसमांत त्याने कोणाचा पाठलाग केला नाही, टॅकल शिकला नाही, डाव्या पायाने किक मारली नाही. गरजच पडली नाही. अंडर-16 ला तो होता तेवढाच राहिला आणि समोरचे डिफेन्डर त्याच्या डोक्यावरून पाहू लागले. सहा सामन्यांत चार गोल. मग मी त्याला विंगवर टाकलं, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. इतर मुलं जे बाराव्या वर्षी हसत-पडत शिकली, ते याला सोळाव्या वर्षी सगळ्यांसमोर शिकायचं होतं. मोसमाच्या मध्यावर त्याने क्लब सोडला. गेल्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानात भेटला, तिथेच कामाला आहे. छान बोलला, मला योग्य तो ड्रिल बिट शोधून दिला. फूटीचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही.

तेव्हापासून माझ्या संघात कोणीही लागोपाठ दोन मोसम फक्त गोल स्क्वेअरमध्ये उभा राहत नाही. त्यावरून पालकांशी वाद झालेत, एका आजोबांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं.

आता मोठ्यांकडे बघू, कारण तुम्ही "करिअर" हा शब्द वापरलाय. मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला एएफएलमध्ये कोलमन मेडल मिळतं. ज्याच्या नावाने ते आहे तो एसेंडन क्लबचा जॉन कोलमन 1949 साली पहिल्याच सामन्यात 12 गोल करून गेला, त्याच मोसमात शंभरी गाठली. 98 सामन्यांत 537 गोल. आणि 1954 मध्ये, वयाच्या पंचविशीत, गुडघा गेला आणि खेळ संपला. आधीच्याच आठवड्यात त्याने 14 गोल केले होते. फॉरवर्डचं शरीर हा पहिला धोका आहे, आणि त्यावर कोच किंवा आईवडील फारसं काही करू शकत नाहीत.

दुसरा धोका खेळातल्याच बदलाचा. 1934 मध्ये बॉब प्रॅटने आणि 1971 मध्ये पीटर हडसनने एका मोसमात 150 गोल केले. 2008 मध्ये हॉथॉर्नच्या लान्स फ्रँकलिनने 113 केले, आणि त्यानंतर शंभरी कोणाला गाठता आलेली नाही. फॉरवर्ड काही कच्चे झाले नाहीत. पूर्वी लांब किक यायची आणि खाली एक फॉरवर्ड, एक डिफेन्डर अशी कुस्ती व्हायची. आता बचाव करणारा संघ जागा वाटून उभा राहतो, दोन-तीन जण मागे येऊन गर्दी करतात, आणि गोल पाच-सहा जणांत वाटले जातात. फ्रँकलिनसुद्धा निव्वळ गोलसमोर उभा राहून 354 सामन्यांत 1066 गोलांपर्यंत गेला नाही. विंगवरून चेंडू घेऊन धावत सुटायचा आणि पन्नास मीटरवरून मारायचा. उंची फुल फॉरवर्डची आणि धाव विंगरची, म्हणून त्याला नेमकं कोणी धरायचं हेच समोरच्यांना कळायचं नाही.

माझ्या मुलांना मी फ्रँकलिनपेक्षा टॉम हॉकिन्सची गोष्ट जास्त सांगतो, कारण फ्रँकलिनसारखं कोणी होत नसतं. हॉकिन्स जिलाँगचा, वडीलही त्याच क्लबचे खेळाडू. 2007 मध्ये पहिला सामना खेळला आणि लोकांनी लगेच मोठमोठ्या अपेक्षा बांधल्या. पुढची काही वर्षं तो संघात आत-बाहेर होत राहिला. 2011 च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने स्वतःला सिद्ध केलं. पण कोलमन मेडल? ते मिळालं 2020 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी. 2022 मध्ये आणखी एक अजिंक्यपद, आणि 2024 मध्ये निवृत्त होताना 359 सामने, 796 गोल. ज्यांनी त्याला शेवटची काही वर्षं पाहिलंय त्यांना आठवत असेल, स्वतः मारता येईल अशा जागेवरूनही तो शेजारी मोकळ्या उभ्या असलेल्याला चेंडू द्यायचा. आणि डिफेन्डरला कंबरेने असा अडवून धरायचा की तो बिचारा उडीच मारू शकत नसे. हे अंगात मुरायला दहा-बारा वर्षं लागतात.

रिचमंडच्या जॅक रिवोल्टचंही तसंच. 2010 आणि 2012 मध्ये कोलमन मेडल मिळवलेला माणूस. 2017 मध्ये त्याच्या संघात तोच एकटा उंच फॉरवर्ड, आजूबाजूला सगळी बुटकी, चपळ मंडळी. झेलता आला तर झेलायचा, नाही तर दोन-तीन डिफेन्डरांना अंगावर घेऊन चेंडू खाली पाडायचा, म्हणजे ती चपळ मुलं उचलतील, हे त्याचं काम झालं. 1980 नंतर रिचमंडला पहिलं अजिंक्यपद त्या वर्षी मिळालं. आणि गंमत म्हणजे 2018 मध्ये त्याला तिसरं कोलमनही मिळालं.

जागा बदलण्याबद्दल तर उदाहरणं हवी तितकी. फ्रीमँटलचा मॅथ्यू पॅव्हलिच 353 सामने आणि बरोबर 700 गोल करून निवृत्त झाला, पण 2002 मध्ये तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत) आला तो डिफेन्डर म्हणून. मेलबर्न क्लबचा टॉम मॅकडॉनल्ड आधी डिफेन्डर, मग 2017 मध्ये त्याला पुढे पाठवलं, 2018 मध्ये 53 गोल, 2021 मध्ये फॉरवर्ड म्हणून अजिंक्यपद, आणि नंतर पुन्हा मागे. उलट दिशेने गेलेला म्हणजे कॉलिंगवूडचा डार्सी मूर. सुरुवात फॉरवर्ड म्हणून, नाव झालं डिफेन्डर म्हणून, आणि 2023 मध्ये अजिंक्यपद जिंकलेल्या संघाचा कप्तान. या तिघांना कोणी चौदाव्या वर्षी "तू हाच" असा शिक्का मारून दिला असता तर पुढे काय झालं असतं, याचा विचार करा.

आता हाफ-बॅकला तुमचा मुलगा नेमकं काय शिकतोय, हे जवळून सांगतो. कारण उंच-बुटकं, बलवान-हडकुळं हे सगळं बाजूला ठेवलं तरी फॉरवर्डचं एक कौशल्य उरतं: लीड. म्हणजे डिफेन्डरला सोडून मोकळ्या जागेत धाव घ्यायची, आणि अशा वेळी की किक आणि आपण एकाच क्षणी तिथे पोहोचू.

आमच्या गुरुवारच्या सरावात मी हे रोज चुकताना बघतो. साठ मीटरवर मिडफिल्डर खाली वाकून चेंडू उचलतोय. तो अजून वाकलेलाच आहे आणि आमचा फॉरवर्ड सुसाट सुटतो. मिडफिल्डर सरळ होतो, वळतो, एका टॅकलमधून सुटतो, तोवर आमचा गडी धावून धावून थांबलाय आणि डिफेन्डर त्याच्या पाठीला चिकटलाय. लीड मेला. बरोबर क्षण कोणता? किक मारणाऱ्याचं डोकं वर येतं तो. त्याची नजर चेंडूवरून उठून पुढे लागली की सुटायचं. तोपर्यंत उलट दिशेला दोन-चार पावलं टाकून डिफेन्डरला ओढून न्यायचं, आणि मग पाय रोवून वळायचं.

हे मी फळ्यावर शंभर वेळा काढून दाखवलंय. मुलं मान डोलावतात आणि पुन्हा लवकर सुटतात. ज्या मुलांना मी सहा-आठ सामने हाफ-बॅकला ठेवलं ती मात्र न सांगता शिकतात. कारण तिथे उभं राहिलं की सगळा खेळ समोरून अंगावर येताना दिसतो. समोरचा किक मारणारा डोकं कधी वर काढतो याकडे बघत राहावंच लागतं, नाही तर आपला माणूस हातचा सुटतो. आणि कोणत्या फॉरवर्डचा त्रास होतो तेही कळतं. नुसता जोरात धावणाऱ्याचा फारसा होत नाही. जो उभ्या उभ्या बोलत राहतो, मग अचानक थांबतो, मग नितंब लावून आपला मुठीचा हात अडकवून ठेवतो, त्याचा होतो. डिफेन्डरला चेंडू झेलायचा नसतो, एका मुठीने उडवायचा असतो, त्यासाठी त्याचा एक हात मोकळा लागतो. तो हात कसा अडकवायचा हे ज्याचा स्वतःचा हात अडकलाय त्यालाच पक्कं समजतं. कबड्डीत आमचे गुरुजी चांगल्या चढाईपटूला मुद्दाम महिनाभर कोपऱ्यात पकडीला उभं करायचे. तेव्हा रडलो होतो. कारण इथे येऊन कळलं.

तरी हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: कोचने त्याला का हलवलंय. चांगल्या हेतूनेच हलवलं असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ज्युनियर क्लबांत बहुतेक कोच कोणाचे ना कोणाचे बाबाच असतात, आणि स्वतःच्या मुलासाठी गोलसमोरची जागा रिकामी करणारेही मी पाहिलेत. ओळखायचं कसं? सामन्याच्या दिवशी विचारू नका, तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. सरावाच्या दिवशी पाच मिनिटं मागा. तक्रारीच्या सुरात न बोलता विचारा की इथे त्याने काय शिकावं असं तुम्हाला वाटतं, ते जमलंय हे कशावरून कळेल, आणि मोसमाच्या उत्तरार्धात त्याला पुढेही खेळवणार का. ज्याच्या मनात काही योजना आहे त्याची उत्तरं नेमकी येतात: "त्याने डाव्या पायाने चेंडू बाहेर काढायला शिकावं", "दर सामन्यात चार टॅकल". ज्याच्या मनात काही नाही तो म्हणतो, "संघाला गरज आहे." तसं उत्तर आलं आणि फॉरवर्ड लाइनमधली मुलं आठवडोन् आठवडे तीच राहिली, तर मोसम संपल्यावर दुसऱ्या क्लबचा विचार करायला हरकत नाही. मध्येच नको. मुलाचे मित्र तिथे आहेत, आणि या वयात मुलं खेळ सोडतात ती बहुधा मित्र सुटल्यामुळे.

गोल करायची भूक मारू नका मात्र. ती घरी भागवता येते. सराव संपल्यावर रोज पंधरा सेट शॉट (मार्कनंतर थांबून, कोणी अडवत नसताना मारतात तशा गोलकडच्या किका), त्यातले पाच सोप्या जागेवरून, दहा बाजूच्या कोनातून. दर वेळी पावलं तितकीच, चेंडू धरायची पद्धत तीच, आणि चेंडू पायावर सोडताना हात खाली न्यायचा, वरून टाकायचा नाही. मुलांच्या बहुतेक किका तिथेच बिघडतात: चेंडू छातीच्या उंचीवरून सुटतो, वाऱ्याने हलतो आणि पायाच्या बाजूला लागतो. एसेंडनचा मॅथ्यू लॉइड 270 सामन्यांत 926 गोल करून गेला, आणि प्रत्येक सेट शॉटआधी चिमूटभर गवत उडवून वारा बघायचा. मेलबर्नच्या डॉकलँड्स स्टेडियमचं छत बंद असलं तरीही. वाऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता हे उघड आहे, पण पाय आणि डोकं एका लयीत यायला त्याला तेवढं पुरायचं. तुमच्या मुलालाही असं काही सापडू द्या, फक्त ते गणपतीची आरती म्हणण्याइतकं लांबू नये, कारण मोठ्या पातळीवर सेट शॉटला 30 सेकंदच मिळतात.

एक शरीराची गोष्ट. हाफ-बॅकला धावणं वाढतं, आणि याच वयात हाडं झपाट्याने वाढत असतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतंय असं म्हणाला तर "सवय होईल" म्हणू नका, फिजिओला दाखवा. बहुतेक वेळा काळजीचं नसतं, पण सराव कमी करावा लागतो.

पुढच्या वाटेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. ड्राफ्टला, म्हणजे एएफएल क्लब नवे खेळाडू निवडतात त्याला, अजून चार-पाच वर्षं आहेत, त्या वर्षअखेरपर्यंत 18 पूर्ण व्हावी लागतात. राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये अख्ख्या देशातून साठ-सत्तर नावं घेतली जातात. त्याआधी तुमच्या भागातल्या मुलांसाठी अंडर-18 टॅलेंट लीगमधला वेस्टर्न जेट्स हा संघ आहे, आणि त्यांचे लोक लहान वयोगटांवरही लक्ष ठेवून असतात. शिवाय एएफएल क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकॅडमी असतात, बहुसांस्कृतिक पार्श्वभूमीच्या मुलांसाठी. आई किंवा वडील आशियात जन्मलेले असतील तर मुलगा तिथे पात्र ठरू शकतो. तुमचा पत्ता कोणत्या क्लबच्या हद्दीत येतो ते आपल्या क्लबच्या सेक्रेटरीला विचारा. आपल्या मराठी घरांत हे माहीतच नसतं. तिथे निवड करणारे मुलाला एकाच जागी बघत नाहीत, त्याला चार ठिकाणी उभं करून बघतात. दोन जागा खेळलेला मुलगा त्या दिवशी गांगरत नाही, इतकं मी पाहिलंय.

आणि रविवारी एक करा, ताई. आतापर्यंत तुम्ही गोलच्या मागे खुर्ची टाकून बसत असाल, सगळ्या फुल फॉरवर्डांच्या आया तिथेच असतात. आता खुर्ची दुसऱ्या बाजूला, हाफ-बॅकच्या जवळ न्या. गोल मोजण्याऐवजी त्याने किती वेळा समोरच्याचा मार्क मुठीने उडवला ते मोजा, आणि गाडीत बसल्यावर पहिल्यांदा तोच आकडा त्याला सांगा. माझ्या मुलीला तिची आई असा आकडा सांगायची, तेव्हा ती "सात नाही, आठ होते" म्हणून भांडायची. थर्मास मोठा न्या. आमच्याकडच्या मैदानांवर त्या बाजूला जुलैत वारा फार लागतो.